लास्ट पोस्ट सुरू होती अन् फोन वाजला (अनुभव धागा)

गेल्या १६ डिसेंबरची, विजय दिवसाची, आमच्या माजी सैनिकांच्या मंडळातली गोष्ट. पुष्पचक्र वाहून झालं, सगळे सावधानमध्ये उभे. सुभेदार साहेबांनी मोबाईल स्पीकरला जोडून लास्ट पोस्ट, म्हणजे गेलेल्यांसाठी बिगुलावर वाजवतात ती धून, लावली आणि मध्येच स्पीकरमधून आरतीची रिंगटोन सुरू झाली, तीही पूर्ण आवाजात. कोणी हललं नाही. सावधानमधला माणूस हलत नाही, हसत तर नाहीच. नंतर कळलं, कर्ज हवंय का विचारणारीचा फोन होता.

मग तर्री-पोहे खाताना जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही. एक हवालदार म्हणाले, "रेकॉर्डिंग लावायची तर कार्यक्रम कशाला, घरूनच ऐकतो ना मी." आमच्यात एकच बिगुलर होते, ते दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या अंत्ययात्रेतही रेकॉर्डिंगच वाजली, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

म्हणून हा धागा. तुमच्या वस्तीत, घरात, पलटणीच्या जुन्या मंडळींत गेलेल्या सोबत्यांसाठी नेमकं काय केलं जातं, ते लिहा. भाषण नको. गेलेल्याचं नाव लिहू नका, प्रत्येक घराची त्याला तयारी असतेच असं नाही.

कामठीहून, गार्ड्स रेजिमेंटचा निवृत्त नायक

मी १९८८ला कामठीच्या सेंटरमध्ये रंगरूट होतो. आमचे उस्ताद पीटीत दमवायचे आणि पोरं खाली बसली की अल्बर्ट एक्कांची गोष्ट सांगायचे. १४ गार्ड्स, आताच्या बांगलादेशातलं गंगासागर, ३ डिसेंबर १९७१ची रात्र. लान्स नायक एक्का आधीच जखमी होते, तरी पुढे गेले आणि शेवटी दुमजली इमारतीतली मशीनगन बंद पाडली. पूर्व आघाडीवरचं त्या युद्धातलं एकमेव परमवीर चक्र. उस्ताद कधी रंगवून सांगायचे नाहीत. कुठून कुठे गेले, कितव्या बंकरला काय केलं, एवढंच. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

आता ३ डिसेंबरला आम्ही सहासात जण एकाच्या गच्चीवर जमतो आणि तीच गोष्ट त्याच क्रमाने सांगतो. आमच्यात एक तमिळ, एक गढवाली, बाकी इकडचे. गार्ड्समध्ये पहिल्यापासून सगळ्या जातीप्रांतांचे एकत्र, त्यामुळे गोष्ट फौजी हिंदीतच होते. शेवटी 'गरुड का हूँ बोल प्यारे' असा घोष होतो आणि शेजारी खिडक्या लावून घेतात.

मानेवाड्यातून, महार रेजिमेंट, श्रीलंकेत होतो

कारगिलच्या दिवशी नगरसेवक येते, शाळेची पोरं येते, पेपरवाले येते. चांगलं आहे, येऊ द्या. पण आमच्या २५ नोव्हेंबरले कोण येते, सांगा ना राजे हो.

१९८७ ते १९९०, आम्ही शांतिसेना म्हणून गेलो होतो. अकराशेच्या वर जवान तिथंच कामी आले. २५ नोव्हेंबर १९८७ले ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन घातीत सापडले. छातीत गोळी लागली, तरी त्यायनं समोरच्याची रायफल हिसकली अन् त्यालेच पाडलं. परमवीर चक्र भेटलं. तेवढं पुस्तकात आहे. बाकी पोरायचं काय? माझ्या सेक्शनचे दोन गेले. एक भंडाऱ्याकडचा, घरी धानाची शेती. तो रात्री पहाऱ्यावर धानाचा भाव सांगत बसे. मी म्हणो, "काहून बे, इथं का भाव सांगतोस?" तर म्हणे, झोप नाही येत मग.

परत आलो तं लोक विचारत, "कुठं होतास?" श्रीलंकेत म्हटलं की म्हणत, "तिकडं काय काम होतं बे तुमचं?" त्यालं काय उत्तर देऊ? मले हुकूम होता, गेलो. कोलंबोत आमच्यासाठी स्मारक आहे, अन् इकडं शाळेतल्या पोरायले माहीतही नाही.

आमचं करणं एवढंच. २५ नोव्हेंबरले अकरा जण जमतो, पहिले सतरा होतो. टोपी घालतो, मेडल लावतो. नंबर, हुद्दा, नाव, गाव असं एकएक वाचतो. गाव सोडाचं नाही, हा नियम माझा आहे. वाचून झालं की दोन मिनिटं मौन. मग मी त्या भंडाऱ्याच्या पोराच्या भावाले फोन लावतो अन् यंदाचा धानाचा भाव विचारतो. त्यालं वाटते मी व्यापाऱ्याचा माणूस आहो. अजून सांगितलं नाही.

नंदनवनमधून, वीरपत्नी

मी खरं बोलणार आहे, राग मानू नका. मला शाल-श्रीफळाचा कंटाळा आला आहे. दर वर्षी स्टेजवर बसवतात, नाव पुकारतात, फोटो निघतो. घरी अकरा शाली आहेत. नागपूरच्या उन्हात शाल!

पण एक गोष्ट लिहिते. हे गेले तेव्हा मला बँकेची स्लिपसुद्धा भरता येत नव्हती. एका कार्यालयात सात वेळा परत पाठवलं, दर वेळी कागद नवा. यांच्याच पलटणीतले एक काका, तेव्हा नुकतेच पेन्शनवर आले होते, ते आठव्यांदा माझ्यासोबत आले. काही बोलले नाहीत, टेबलासमोर नुसते सावधान उभे राहिले. काम झालं. तेव्हापासून दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या वेळी त्यांचा फोन यायचा, "बेटा, फॉर्म भरला का?" मागच्या वर्षी फोन आला नाही. मीच केला. आता त्यांचा फॉर्म मी भरते.

आणि ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: नवऱ्याची मेडल बायको लावते तेव्हा ती उजव्या बाजूला. डावी बाजू ज्याने कमावली त्याची. एका कार्यक्रमात निवेदकाने मला माईकवर सांगितलं, "ताई, उलटी लावलीत." मी काही काढली नाहीत.

वायुसेनानगरजवळून, निवृत्त एअरमन

मी आयुष्यभर विमानं दुरुस्त केली. २२ जुलै २०१६ला तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं हवाई दलाचं एएन-३२ मालवाहू विमान बंगालच्या उपसागरावर नाहीसं झालं, आत २९ जण. आम्ही निवृत्त मेकॅनिक सकाळी फुटाळा तलावावर फिरायला जमतो. त्या दिवसांत कोणी कोणाशी बोलत नव्हतं. प्रत्येकजण मनातल्या मनात इंजिन उघडत होता.

अवशेष सापडले ते जानेवारी २०२४मध्ये, समुद्रात सुमारे ३४०० मीटर खोल. मधली साडेसात वर्षं आमच्यातले एक जण मौनाच्या वेळी बाजूला उभे राहायचे. "बेपत्ता म्हटलंय, श्रद्धांजली कसली?" असं म्हणायचे. बातमी आली त्या सकाळी ते पहिल्यांदा रांगेत आले.

कामठीहूनच, आर्मी पोस्टल सर्व्हिस

आमच्याकडे कोणी शौर्य विचारत नाही, आम्ही टपालवाले. १९९९ला मी एका फील्ड पोस्ट ऑफिसात होतो. पत्त्यावर गाव नसतं, नंबर, नाव, युनिट आणि ५६ एपीओ, म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. अडचण अशी की पत्र सावकाश येतं आणि माणूस त्याआधी जातो. परत पाठवायच्या अंतर्देशीय पत्रांवर हळदीकुंकवाची बोटं असायची. मी ती कधी वाचली नाहीत, पण अक्षर ओळखीचं व्हायचं. एका घराची तीन आली होती. ती मी एकाच दिवशी परत धाडली, वेगवेगळ्या दिवशी तीनदा दार वाजू नये म्हणून. नियमात बसतं का, ठाऊक नाही.

धरमपेठेतून, नातू

आजोबा २६ जानेवारीला सीताबर्डीच्या किल्ल्यावर न्यायचे, एरवी तो लष्कराकडे असतो. १८१७च्या लढाईतल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांच्या कबरींपाशी ते टोपी नीट करायचे. मी चिडून विचारलं, हे तर आपल्याविरुद्ध लढले ना? म्हणाले, "हो. पण आपल्या भोसल्यांकडून पडले त्यांच्यातलं एक तरी नाव सांग मला." अजून शोधतोय.

धागाकर्ता

सगळ्यांचं वाचून काढलं, मंडळातही मोठ्याने वाचलं. मानेवाड्याचे भाऊ, येत्या २५ नोव्हेंबरला आम्ही चौदा जण येतोय, गावांची यादी तयार ठेवा.

बिगुलाचं कळवतो. गेलेल्या बिगुलर काकांची नात एनसीसीत आहे. तिने आजोबांचा बिगुल माळ्यावरून काढला. त्याला कळा नसतात, सगळे सूर ओठांनीच काढायचे. महिनाभर तिचे ओठ सुजलेले होते आणि शेजाऱ्यांचे कान. १४ जानेवारीला, माजी सैनिक दिनी, तिळगूळ वाटायच्या आधी ती उभी राहिली. वर पतंगांची काटाकाटी चालू होती. वरचा एक सूर फुटला, तिने तो सोडून पुढचा धरला.

नंतर ती रडवेली होऊन सुभेदार साहेबांकडे गेली. ते म्हणाले, "फुटला तं फुटला. मधात फोन तं नाही आला?"