शब्दचर्चा: व्हिडिओ 'डिकोड करणे' – उकलणे, उलगडणे की वाचणे?

उद्यमनगरी
वर्कशॉपमधल्या नव्या पोरांसाठी मराठीत चार पानी टिपण लिहितोय. शिरोलीच्या एका फाउंड्रीत भट्टीपाशी कॅमेरा आहे, त्याचं चित्र तळहाताएवढ्या बोर्डावरून ऑफिसातल्या स्क्रीनवर दाखवायचं. पोरांनी आधी रास्पबेरी पाय 4 या छोट्या संगणक-बोर्डावर चालवून बघितलं, मग नव्या पाय 5 वर. जुन्यावर प्रोसेसर निवांत, नव्यावर कामात बुडालेला. "दादा, नवा बोर्ड बाद हाय." बाद नाही. पाय 4 मध्ये एच.264 या पद्धतीनं दाबून पाठवलेला व्हिडिओ डिकोड करायला, म्हणजे त्याचं परत चित्र करायला, वेगळं सर्किट आहे. 2023 च्या पाय 5 मधून ते काढलं, फक्त एच.265 चं ठेवलं. त्यामुळे एच.264 चं काम तिथं प्रोसेसरचे चार कोअर स्वतः करतात. कोअर तगडे आहेत, चित्र अडखळत नाही, पण लोडचा आकडा वर जातो.

हे मराठीत लिहायला बसलो आणि पहिल्याच वाक्यात अडलो. 'डिकोड'ला 'विसंकेतन' असा शब्द सापडला. पोरांना वाचून दाखवला तर मागनं आवाज आला, "ह्यो केतन कोण?" तर मंडळी, दुसरा शब्द सुचवा. माझ्या डोक्यात 'उकलणे' आहे.

निवृत्त मास्तर
केतनचा दोष नाही, 'वि'चा आहे. हा उपसर्ग दोन्ही डगरींवर हात ठेवतो. विख्यात, विशुद्ध म्हणजे जास्तच ख्यात, जास्तच शुद्ध. वियोग, विसंगती म्हणजे उलट. नवख्यानं 'विसंकेतन' कसं फोडायचं? त्यात 'संकेत' तरी कुठं साधा आहे? संकेतस्थळ हे एके काळी प्रियकर-प्रेयसीनं गुपचूप भेटायचं ठिकाण होतं, आता तिथं वीजबिल भरतात.

'उकलणे'ही नको. उकल कोड्याची होते, गुन्ह्याची होते. तुमच्या व्हिडिओत कुणी काही लपवलंय का? लपवलं असेल तर ते एन्क्रिप्शन, त्याला कूट आणि उकल हे शब्द राखून ठेवा. इथं नुसतं दाबून बसवलंय.

महाद्वार रोड
मग सरळ 'उलगडणे' घ्या की. आमच्या दुकानात दिवसभर तेच चालतं. घडी घालून ठेवायची, गिऱ्हाईक आलं की उलगडायची. आणि हे क्रियापद आपोआप होण्यालाही चालतं, कुणी करण्यालाही: घडी उलगडली, मी घडी उलगडली. 'उलगडलेलं चित्र' म्हणा, पोरांना लगेच कळेल.

उद्यमनगरी
ताई, शब्द आवडला, पण एक शंका. साडीची घडी कितीही घट्ट घातली तरी वजन तेवढंच राहतं. इथं हिशोब बघा. 1920 गुणिले 1080 चं एक चित्र उलगडल्यावर साधारण 31 लाख बाइट. सेकंदाला 25 चित्रं धरली तर पावणेआठ कोटींच्या वर. आणि कॅमेऱ्याकडून येतात सेकंदाला 4 मेगाबिट, म्हणजे 5 लाख बाइट. दीडशे पटींचा फरक! कॅमेरा सगळं चित्र पाठवतच नाही. एकदा पूर्ण पाठवतो, नंतर "मघाचंच, फक्त हा तुकडा चार ठिपके डावीकडं सरकव" एवढंच कळवतो. बारीकसारीक तपशील तर कायमचा टाकूनच देतो. ही घडी कशी?

रुमाल सोडणारा
मी मोडी वाचतो, म्हणून बोलतो. दप्तराचा रुमाल सोडला, कागद उलगडला, तरी तो वाचून झालेला नसतो. लिहिणाऱ्यानं निम्मं गाळलेलं असतं. 'रा. रा.' दिसलं की आपण राजमान्य राजश्री म्हणायचं. 'छ' दिसला की चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख. आणि सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'मजकूर'. आज आपण तो लिखाणासाठी वापरतो, पण कागदात त्याचा अर्थ 'वर सांगितलेला'. 'मौजे मजकूर', 'साल मजकूर'. गावाचं नाव एकदाच, वर. खाली सगळीकडं मौजे मजकूर. आता वरचं पान वाळवीनं खाल्लं तर? खालची अक्षरं लख्ख आहेत, एकूण एक लागतात, पण गाव कुठलं ते कळत नाही.

तुमचा कॅमेरा हेच करतोय.

उद्यमनगरी
अगदी हेच! कॅमेऱ्याची केबल मध्येच काढून लावली की स्क्रीनवर राखाडी चिखल दिसतो आणि त्यात भट्टीवाल्याचा फक्त हात हलताना दिसतो. हात 'मघाच्या चित्रापेक्षा वेगळा' म्हणून आला, पण मघाचं चित्रच पोचलं नव्हतं. दोनेक सेकंदांनी पुढचं पूर्ण चित्र आलं की सगळं स्वच्छ. आम्ही त्यांना आय-फ्रेम आणि पी-फ्रेम म्हणतो. टिपणात आता 'पूर्ण चित्र' आणि 'मजकूर चित्र' लिहितोय. तिसरी बी-फ्रेम असते, ती पुढं येणाऱ्या चित्राचाही हवाला देते, म्हणजे वाट बघणं आलं. थेट दाखवायच्या कामात ती सहसा टाळतात, मीही टाळतो.

पेठेतला
एवढा काथ्याकूट कशाला भावा? पोरं 'डिकोड करतंय' म्हणतात, तेच लिही. आणि त्या वेगळ्या सर्किटला, हार्डवेअर डिकोडरला, 'यंत्रांश-उलगडक' वगैरे नाव काढू नकोस, हात जोडतो. माझ्या वडिलांना हार्डवेअर डिकोडर म्हटलं तर लक्ष्मीपुरीत कडीकोयंड्याच्या दुकानात जाऊन विचारतील.

उद्यमनगरी
डिकोडर हे नाव मी ठेवणारच आहे, तो भाग झाला, जसा गिअर, जसा बेअरिंग. माझी अडचण क्रियापदाची आहे. 'हार्डवेअर डिकोडिंग' आणि 'सॉफ्टवेअर डिकोडिंग' या जोडीनंच पोरं फसतात. सॉफ्टवेअर काय हवेत चालतं? तेही प्रोसेसरवरच चालतं, आणि हार्डवेअर डिकोडरला कामाला लावायलाही सॉफ्टवेअर लागतंच. खरा फरक काम कोण करतंय याचा आहे, आणि तो दाखवायची सोय मराठीत आयती आहे. प्रोसेसर उलगडतो. प्रोसेसर उलगडून घेतो. पहिल्यात तो स्वतः राबतो. दुसऱ्यात दाबलेला माल शेजारच्या सर्किटच्या हवाली करतो आणि तयार चित्र हातात घेतो.

हे वेळेवर सुचलं असतं तर पंधरा दिवस वाचले असते. मागच्या एका बोर्डावर आम्ही हार्डवेअर डिकोडर चालू आहे असं धरून चाललो होतो. व्हिडिओ चालवणाऱ्या जीस्ट्रीमर या सॉफ्टवेअरला 'डिकोडर तुझा तू निवड' म्हणून सोडलं होतं, आणि त्यानं गुपचूप सॉफ्टवेअरवाला निवडला. कुठंही लाल अक्षर नाही. दुपारी भट्टीच्या बाजूला बोर्ड 80 अंशांवर गेला, प्रोसेसरनं स्वतःचा वेग कमी केला आणि चित्र रखडायला लागलं. आम्ही कॅमेरा बदलला. केबल बदलली. प्रोसेसर उलगडतोय की उलगडून घेतोय, हे बघायचं कुणालाच सुचलं नाही.

महाद्वार रोड
म्हणजे मालक स्वतः साड्या दाखवत बसलाय आणि नोकर गल्ल्यावर झोपलाय!

उद्यमनगरी
ताई, तुमच्या दाखल्याला पुढचा भागही आहे. नोकरानं उलगडलेली साडी मालकानं उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवायची, असं ठेवलं तर मालक पुन्हा दमतो. त्या चित्रावर तारीख-वेळ छापायची म्हणून आम्ही प्रत्येक चित्र साध्या मेमरीत कॉपी करून घेत होतो. सेकंदाला पावणेआठ कोटी बाइटची ने-आण. उलगडून घेतल्याचा निम्मा फायदा तिथंच गेला.

निवृत्त मास्तर
'उलगडून घेणे' मान्य. फक्त टिपणात कर्ता गाळू नका. 'व्हिडिओ उलगडला जातो' असं लिहिलंत की मुद्दाच हरवला.

रुमाल सोडणारा
'मजकूर चित्र' छापून आलं की एक प्रत मला द्या.

उद्यमनगरी
देतो. काल पोरांना नवं पान वाचायला दिलं, कुणी केतनची चौकशी केली नाही. आज सकाळी बघतो तर पाय 5 च्या डबीवर कुणीतरी मार्करनं लिहिलेली पट्टी चिकटवलीय: "ह्यो स्वतः उलगडतोय. पंखा काढू नये."