हिवाळा सरत आलाय: रास्पबेरीच्या कोणत्या काड्या ठेवू, कोणत्या कापू?

परसदार
नमस्कार मंडळी. घर बदललं आणि घराबरोबर मागची बागही आमच्याकडे आली. कुंपणालगत रास्पबेरीची रांग आहे, मोठ्या कुंड्यांत ब्लूबेरी, एका वाफ्यात स्ट्रॉबेरी आणि बाकीचे वाफे भाजीसाठी मोकळे. जात कोणती, लागवड कधीची, काहीच ठाऊक नाही आणि विचारायला कुणी नाही. रात्री अजून गारठा असतो, पण दिवस मोठा होतोय आणि रास्पबेरीचे डोळे फुगायला लागलेत, म्हणून घाई वाटते. कुणी म्हणतं सगळ्या काड्या जमिनीलगत कापा, कुणी म्हणतं तसं केलंत तर यंदा फळ मिळणार नाही. कोणाचं ऐकू? ब्लूबेरीची पानं उन्हाळ्यात पिवळी पडली होती, शिरा मात्र हिरव्या. घरात लाकडाची राख बरीच निघते, ती घातली तर चालेल का? आणि खिडकीत पेरलेल्या टोमॅटोची रोपं नुसतीच उंच होऊन वाकायला लागलीत.

ओलीमाती
आधी राखेचं, कारण ते तातडीचं आहे. ब्लूबेरीला राख अजिबात नको. या झुडपाला आम्लधर्मी माती लागते, सामू (म्हणजे pH, मातीच्या आम्लतेचा आकडा; जितका कमी तितकी माती आम्ल) साधारण 4.5 ते 5.5. राख सामू वर नेते. पान पिवळं आणि शिरा हिरव्या, हे बहुतेक वेळा लोह न मिळाल्याचं लक्षण असतं. लोह मातीत असतं, पण सामू चढला की मुळांना ते उचलता येत नाही. नळाचं पाणी जड असेल तर कुंडीतली माती हळूहळू तशीच होत जाते. पावसाचं पाणी साठवून घाला, वरून पाइनच्या सुया किंवा सालीचे तुकडे पसरा. गंधकाची भुकटी सामू उतरवते, पण ते काम मातीतले जिवाणू करतात आणि थंड मातीत ते संथ असतात. आज घातलं आणि पुढच्या आठवड्यात पान हिरवं झालं, असं होणार नाही. महिने लागतात. मोजल्याशिवाय घालूही नका. सामू तपासायची पट्टी आणा, मग ठरवा.

आता रास्पबेरी. तुम्हाला सांगणारे दोघेही बरोबर आहेत, ते दोन वेगळ्या प्रकारांबद्दल बोलताहेत. एका प्रकारात काडी पहिल्या वर्षी फक्त वाढते, दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात फळते आणि मरते. दुसऱ्या प्रकारात नवी काडी त्याच वर्षी शरदात शेंड्याला फळते. जातीचं नाव माहीत नसलं म्हणून काही अडत नाही, काडीच सांगते. रांगेत जाऊन बसा आणि गेल्या वर्षीच्या काड्या शोधा: तपकिरी, साल घट्ट, नखाने जरा खरवडलं की आत हिरवं. त्यांच्या शेंड्याकडे वाळलेले फळांचे देठ दिसतात का? दिसले तर शरदात फळणारी जात. शेंडा कोरा असेल आणि त्यांच्याच शेजारी राखाडी, साल सुटलेल्या, आडव्या फांद्यांवर वाळके देठ असलेल्या मेलेल्या काड्या उभ्या असतील, तर उन्हाळी.

उन्हाळी असेल तर मेलेल्या काड्या अगदी बुडातून काढा आणि जिवंत काड्यांतल्या जाड, निरोगी तेवढ्या साधारण 10 सेंमी अंतराने तारेला बांधा. वरच्या तारेच्या 15 सेंमी वर शेंडा छाटा. सगळी रांग सपाट केलीत तर यंदाचं फळ खरोखरच जाईल. शरदातली असेल तर बेलाशक सगळं जमिनीलगत कापा. काहीच ठरवता आलं नाही, तर फक्त मेलेलं काढा आणि एक हंगाम बघा. मला स्वतःला हाच मार्ग सगळ्यात आवडतो. न कापलेली काडी नंतर कापता येते. नव्या बागेत पहिलं वर्ष झाडांकडे बघण्यासाठी ठेवावं असं मी मनापासून सांगेन.

ब्लूबेरीची छाटणीही याच दिवसांत, पण डोळे बघून. टोकाला गोल, टपोरे डोळे असतात ते फुलांचे. खालचे बारीक, टोकदार ते पानांचे. कुंपण कापतात तशी सगळी टोकं सरसकट उडवलीत तर फुलंच गेली. मधली सर्वांत जुनी, जाड, खरबरीत फांदी बुडातून काढा, खालून नवा धुमारा येतो. मुळं उथळ असतात, तेव्हा भोवती खुरपू नका.

स्ट्रॉबेरीची वाळलेली, डाग पडलेली पानं काढून टाका, त्यांतच करड्या बुरशीचा मुक्काम असतो. मधला कोंब दुखावू नका आणि मातीने बुजवूही नका, तो मातीच्या पातळीवरच हवा. नत्र आत्ता जास्त दिलंत तर पानं माजतात आणि फळ मऊ पडतं. तीन-चार वर्षांनी रोपं थकतात. तुमची थकली असतील तर यंदा त्यांच्या धावत्या फुटव्यांपासून नवी धरा, मात्र निरोगी दिसणाऱ्याच रोपांचे फुटवे घ्या.

बियाणेवाली
टोमॅटोबद्दल मी सांगते. रोपं उंच होतात ती उजेड कमी आणि ऊब जास्त म्हणून. बी उगवेपर्यंत ऊब हवी, 20 ते 25 अंश. उगवल्याबरोबर जागा जरा थंड करा आणि उजेड वाढवा. खिडकीतला उजेड या दिवसांत पुरत नाही. एलईडी दिवा रोपांच्या बराच जवळ ठेवा, दिवसाला 14 ते 16 तास. आत्ता जी वाकलीत ती टाकू नका. टोमॅटोच्या खोडाला मातीत मुळं फुटतात, त्यामुळे दुसऱ्या कुंडीत हलवताना वरच्या पानांपर्यंत खोल लावा. मिरचीला आणि वांग्याला असं खोल पुरून तेवढा फायदा मिळत नाही.

पाणी खालून द्या, वरची माती थोडी सुकू द्या. मातीच्या पातळीवर खोड बारीक होऊन रोप आडवं पडलं की ती रोपमर. ती बुरशीमुळे येते, आणि ओल व कोंडलेली हवा बुरशीला पोसते.

परसदार
दोघांचेही खूप आभार. आत्ताच बघून आलो. गेल्या वर्षीच्या काड्यांच्या शेंड्यांना वाळके देठ आहेत, बहुतेक सगळ्यांना. म्हणजे शरदातली ना? मग सगळ्या कापायच्याच का, की काही ठेवता येतील? आणि भाजीचे वाफे आत्ता खणून घेऊ का?

ओलीमाती
हो, शरदातली. सगळ्या कापल्यात तर शरदात एकच मोठा बहर मिळेल आणि कामही सोपं. लहान मुलं घरात असतील, लवकर फळ हवं असेल, तर काही काड्यांचा फक्त फळून गेलेला शेंडा काढा आणि खालचा भाग राहू द्या. तो उन्हाळ्याच्या सुरुवातीला फळेल. मग शरदातला बहर थोडा कमी येतो. रांगेचा एक भाग असा ठेवा, बाकी कापा. कोणता भाग कसा ठेवला, ते लिहून ठेवा.

वाफे खणायचं मात्र थांबा, वाफसा येऊ द्या. मूठभर माती वीतभर खालून घ्या, दाबा आणि बोटाने ढकला. गोळा फुटून भुगा झाला तर काम सुरू करा. चिकटून राहिला किंवा पाणी सुटलं तर वाफ्यात पायही घालू नका. ओली माती तुडवली की घट्ट बसते आणि वर्षभर मुळांना त्रास होतो. वाफसा आला की दोनतीन बोटं कंपोस्ट वरून पसरा. खोल खणायची गरज बहुतेक पडत नाही. त्यानंतर वाटाणा, पालक, मुळा थेट पेरा. त्यांना थोडी थंडी चालते. टोमॅटो-मिरचीला दव गोठायचं थांबेपर्यंत बाहेर काढू नका, आणि काढाल तेव्हा आठवडा-दहा दिवस रोज थोडा वेळ बाहेर ठेवून वारा-उन्हाची सवय लावा.

उरलेली राख कोरडी झाकून ठेवा. भाजीच्या मातीचा सामू तपासा, खाली असेल तरच हलक्या हाताने भुरभुरवा. बटाटा लावाल त्या वाफ्यात मात्र नको, तिथे खवड्या, म्हणजे बटाट्याच्या सालीवर खरबरीत डाग पाडणारा रोग, वाढतो.