मॅलॅथिऑन एन्झाइमला रोखत का नाही? आणि आयसी५० सारखा का बदलतो?

केमकट्टा: एलमन पद्धतीने (पिवळा रंग किती वेगाने वाढतो ते मोजून) ॲसिटिलकोलिनएस्टरेज या मज्जासंस्थेतल्या एन्झाइमची चाचणी चालू आहे. ०.१ मोलर फॉस्फेट बफर, पीएच ८, २५ अंश, ४१२ नॅनोमीटर. शुद्ध मॅलॅथिऑन (कीटकनाशक) १० मायक्रोमोलर, १० मिनिटं ठेवूनही वेग जसाच्या तसा. पॅराऑक्सॉन एन्झाइम झटकन बंद पाडतं, पण ३० मिनिटं ठेवलं की त्याचा आयसी५० (एन्झाइमचा वेग निम्म्यावर आणणारी मात्रा) १० मिनिटांच्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्शावर येतो. खरा कोणता धरायचा?

फॉस्फरस३१: मॅलॅथिऑनचा निकाल बरोबर आहे. त्यात फॉस्फरसला दुहेरी बंधाने गंधक जोडलेलं असतं, त्यामुळे एन्झाइममधल्या सेरीनला फॉस्फरसवर हल्ला करणं जड जातं. किडीच्या अंगात किंवा यकृतात सायटोक्रोम पी४५० हे एन्झाइम गंधकाच्या जागी ऑक्सिजन बसवतं, मॅलॅऑक्सॉन तयार होतं, आणि खरं विष तेच. कुपीत पी४५० नाही, म्हणून रोधही नाही. उलट साठवलेल्या मॅलॅथिऑनने जोरदार रोध दाखवला, तर आधी बाटलीवर संशय घ्या, त्यात अशुद्धी असू शकते. चाचणीला थेट मॅलॅऑक्सॉनच मागवा. ब्रोमीनने ऑक्सिडीकरण करता येतं, पण उरलेलं ब्रोमीन एन्झाइमही मारतं आणि पिवळा रंगही खातं.

सस्तन प्राण्यांतलं कार्बोक्सिलएस्टरेज मॅलॅथिऑनचा एस्टर तोडून ते निकामी करतं, म्हणून ते आपल्याला तुलनेने सौम्य. मालात आयसोमॅलॅथिऑन ही अशुद्धी असेल तर नेमकं हेच एन्झाइम अडतं. १९७६ मध्ये पाकिस्तानात मलेरियाच्या फवारणी कामगारांना अशाच मालातून विषबाधा झाली आणि त्यात मृत्यूही झाले. अशुद्धी किती महाग पडते याचं याहून ठळक उदाहरण मला तरी माहीत नाही.

वेगमापी: आयसी५० चे दोन्ही आकडे खरे, पण अपुरे. पॅराऑक्सॉन सेरीनशी सहसंयुज बंध करतं, तेव्हा रोध वेळेबरोबर वाढत जातो: आयसी५० = ०.६९३ ÷ (ki × वेळ), ki म्हणजे रोधाच्या वेगाचा स्थिरांक. वेळ तिप्पट, आकडा तिसरा हिस्सा. सूत्र तुमच्या निरीक्षणाशी तंतोतंत जुळतं. म्हणून ki द्या, किंवा आयसी५० सोबत वेळ लिहा. डोनेपेझिल (स्मृतिभ्रंशावरचं औषध) सहसंयुज बंध करत नाही, तिथे आयसी५० असा वेळेमागे घसरत जात नाही. ॲसिटिलथायोकोलीन (चाचणीत एन्झाइम जे तोडतं ते) शेवटी घाला. आधी घातलं तर तेच एन्झाइमला वाचवतं.

केमकट्टा: कार्बारिल (कार्बामेट गटातलं कीटकनाशक) घेतलं तर? आलेखाची रेषा वर वाकते.

वेगमापी: कार्बामेट बसलेलं एन्झाइम आपोआप मोकळं होतं, बऱ्याच मिथिलकार्बामेटांत अर्ध्या-पाऊण तासात निम्मं. क्युव्हेटमध्ये सौम्य झालं की नवं कार्बामेट बसणं मंदावतं, सुटणं चालूच राहतं, म्हणून वेग वाढत जातो. पहिल्या मिनिटाचाच उतार घ्या. रिव्हास्टिग्मिन हे औषधही कार्बामेटच, पण त्याने अडवलेलं एन्झाइम बरंच सावकाश सुटतं.

फॉस्फरस३१: कोऱ्या नमुन्यांत हयगय नको. डीटीएनबी (पिवळा रंग देणारं रसायन) पीएच ७ ला विरघळवून ठेवा, अल्कलीत ते हळूहळू पिवळं पडतं. एन्झाइमशिवायचा एक कोरा नमुना लावा. ॲसिटिलथायोकोलीन पीएच ८ ला आपसूकही तुटतं. ऊतीचा अर्क असेल तर त्यातले थायॉलही रंग देतात, म्हणून ॲसिटिलथायोकोलीनशिवायचा दुसरा. डीएमएसओ हे द्रावक स्वतःच या एन्झाइमला रोखतं, ते १ टक्क्याच्या खूप खाली आणि सगळ्या कुप्यांत सारखं ठेवा. प्रॅलिडॉक्सिमसारखं ऑक्झिम (या विषांवरचा उतारा) तपासताना जास्त सावध, ते थेट ॲसिटिलथायोकोलीन तोडतं आणि एन्झाइम शुद्धीवर आल्याचा भास होतो.

हिशेब: शोषणांक १४,१५० धरला तर ३ मिलीलिटरच्या क्युव्हेटमध्ये मिनिटाला शोषणात ०.१४१५ वाढ म्हणजे ३० नॅनोमोल.