मदत हवी आहे: पेनड्राइव्हवरच्या लिनक्सवर ऑपरेटिंग सिस्टीम शिकवताना

नमस्कार मंडळी. मी डिप्लोमाच्या मुलांना ऑपरेटिंग सिस्टीम शिकवते. लॅबमध्ये विंडोज आहे आणि हार्ड डिस्कला हात लावायची परवानगी नाही, म्हणून प्रत्येकाला डेबियन लाइव्हचा (इन्स्टॉल न करता थेट चालणारं लिनक्स) बूटेबल पेनड्राइव्ह करून दिलाय. मुलं रमतात. फोर्कने (नवी प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, जन्माला घालणारा कॉल) जन्मलेली प्रोसेस पीएसमध्ये (प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) दिसते, पालक प्रोसेसने वेट केलं नाही, म्हणजे अपत्य संपल्याची दखल घेतली नाही, तर झोंबी (संपूनही यादीत राहिलेली प्रोसेस) कसा उरतो हे ती स्वतः पाहतात. फळ्यावरच्या आकृत्यांनी हे कधी साधलं नव्हतं.

अडचण साठवणीची आहे. लाइव्ह सिस्टीमची मूळ इमेज स्क्वॅशएफएस या दाबून ठेवलेल्या फाइल सिस्टीममध्ये, म्हणजे फक्त वाचण्यापुरती. केलेले बदल ओव्हरलेमधून (वर चढवलेला लिहिण्याजोगा थर) रॅममध्ये जातात आणि मशीन बंद केलं की पुसले जातात. म्हणून बदल टिकवायला पेनड्राइव्हवर पर्सिस्टन्स लेबलचं वेगळं पार्टिशन केलं आणि पूर्ण रूट (सगळी फाइल सिस्टीम) टिकवलं. पण यूएसबी २.० पोर्टवर कंपाइल करताना सगळं रखडतं, शिवाय मुलं शटडाउन न करताच ड्राइव्ह उपसतात. फक्त होम फोल्डर टिकवला तर फरक पडेल का?

दुसरं, कर्नल मॉड्यूल, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) चालू असतानाच जोडायचा कोड. सिक्युअर बूट (फक्त सही असलेला कोड सुरू होऊ देणारी सोय) चालू असल्याने सही नसलेलं मॉड्यूल लोडच होत नाही, आणि ती बंद करायची तर बायोसला (मशीनच्या मूळ सेटिंगला) पासवर्ड आहे. हा भाग मला गाळायचा नाहीये. लाइव्ह सिस्टीमच्या आत क्यूईएमयूमध्ये (सॉफ्टवेअरने बनवलेलं आभासी मशीन) छोटा कर्नल चालवावा असं वाटतं. ४ जीबी रॅमवर, केव्हीएमशिवाय (आभासी मशीनला प्रोसेसरची मदत देणारी लिनक्सची सोय), ते वर्गात वापरण्याइतकं चालतं का? कोणी केलं असेल तर सेटिंगसकट सांगा, प्लीज. पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिकल आहे.