बिल, पावती, देयक की बीजक? बटणावर काय लिहू

मंडळी, एक शब्द अडलाय. मी आणि एक मैत्रीण मिळून छोट्या दुकानदारांसाठी बिल करायचं ॲप बनवतोय, इंग्रजीत झालंय, आता मराठी करतोय. इन्व्हॉइसला मी 'पावती' लिहिलं, 'नवीन पावती करा' असं मोठं हिरवं बटण. कराडला मामाचं हार्डवेअरचं दुकान आहे, त्याला वापरायला दिलं तर तो बटणच दाबेना. म्हणे अजून पैसे कुठं आलेत, पावती कशाची फाडू? माल उधारीवर गेला होता ना! मग 'देयक' केलं, तर म्हणतो हे लाइट बिलावर असतं, आणि देय म्हणजे काय मी द्यायचे होय? कोशात 'बीजक' पण दिसतोय. काय ठेवू?

प्रतिसाद:
मामा शंभर टक्के बरोबर आहेत. पावती ही पावणे वरनं आलीय, पैसे पावले की पावती. गणपतीची वर्गणी, देवळातली देणगी, घरभाडं, सगळीकडं आधी पैसे मग पावती. हॉटेलात आपण बिलालाच पावती म्हणतो ते खपून जातं कारण तिथं बिल आणि पैसे पाच मिनिटांत उरकतात, उधारीच्या धंद्यात मधे दोन-तीन महिने जातात आणि तिथंच हा शब्द फसतो. म्हणून ताई दोन वेगळी बटणं ठेवा, माल गेला की बिल, पैसे आले की पावती. देयक चुकीचा नाहीये पण तो पैसे देणाऱ्याच्या बाजूनं बघतो, दुकानदाराचं तर ते येणं आहे.

प्रतिसाद:
बीजक (आमच्याकडं बिजक म्हणत) आजोबांच्या तोंडी असायचा, बाहेरगावचा माल आला की त्याच्यासोबत यायचं ते. आता दुकानात कोणी म्हणत नाही. छान शब्द आहे पण म्हणून बटणावर नको.

प्रतिसाद:
पण बिल इंग्रजी आहे ना? मराठी ॲप म्हणायचं आणि पहिलाच शब्द परका.

प्रतिसाद:
अहो बिल फाडतात, बिलं थकतात, बिलात लावतात, आणखी किती मराठी व्हायचं त्यानं. टेबल म्हणताना अडखळता का?

प्रतिसाद:
मी अकाउंट्स बघतो म्हणून दोन गोष्टी सांगतो. बटणावर बिल ठेवा, पण छापल्या कागदाच्या डोक्यावरचं नाव मात्र मनानं बदलू नका. जीएसटी आला 1 जुलै 2017 ला, तेव्हापासून कर लावणारा 'टॅक्स इन्व्हॉइस' देतो आणि कंपोझिशनवाला (म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या कर योजनेतला दुकानदार) 'बिल ऑफ सप्लाय', कारण त्याला गिऱ्हाइकाकडनं कर घेताच येत नाही. दोन्हीला नुसतं बिल छापलं तर घोळ.
दुसरं, ड्राफ्टला काय लिहिलंय? एका ॲपात मी चक्क 'कच्चं बिल' बघितलंय 😀 बाजारात कच्चं बिल म्हणजे काय ते सगळ्यांना माहितीये, जीएसटी चुकवून दिलेला कागद! 'अर्धवट बिल' म्हणा नाहीतर 'नंतर पूर्ण करा'. आणि झालेल्या बिलाला 'काढून टाका' नको, 'रद्द' पाहिजे, टॅक्स इन्व्हॉइसचे नंबर सलग लागतात (16 अक्षरांच्या आत), मधला एक गायब झाला की विचारणा होते. रद्द म्हटलं की नंबर जागेवर राहतो, नुसती काट बसते, बिलबुकात पण आपण तेच करायचो ना.

प्रतिसाद:
डिलिव्हरी चलानला (मालासोबत जातो तो कागद) 'चलन' लिहू नका एवढीच विनंती. नोटा पण चलन, बँकेत भरायचं ते पण चलन.

मूळ प्रश्नवाली:
सगळ्यांचे आभार, 'बिल' आणि 'पैसे आले' अशी दोन बटणं केली. 'पावती' आता पैसे आल्यावरच दिसते, मामानं न विचारता दाबली. चलानला चलानच ठेवलं. आता कस्टमरवर अडलेय. मामाला विचारलं ग्राहक लिहू का गिऱ्हाईक, तर म्हणतो गिऱ्हाईक रोख देऊन जातं, त्याचं नाव कशाला लिहून ठेवू, जिचं खातं असतं ती पार्टी. म्हणजे यादीला 'पार्टी' लिहायचं का आता? मैत्रीण म्हणतेय लोकांना वाटेल वाढदिवस आहे.