बेसमेंटमधली ओल: पंपाच्या आधी मातीचा उतार बघा

बेसमेंटमध्ये ओल आली की भिंतीलगत बाहेरून खडी ओता, असं कुणीतरी सांगतं; तो सल्ला कृपया मानू नका. खडीतून पाणी सरळ खाली उतरतं आणि पायाच्या भिंतीशीच मुरतं. न्यू जर्सीकडच्या घरांत पायाभोवती भरलेली माती काही वर्षांत खाली बसते आणि अंगणाचा उतार घराकडे होतो. सम्प पंपाचा (बेसमेंटमध्ये साचलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाचा) खर्च करण्याआधी हा उतार उलटा, म्हणजे घरापासून लांब जाणारा करा.

पहिल्या 10 फुटांत 6 इंच उतार हवा. एक खुंटी भिंतीशी, दुसरी 10 फुटांवर. मध्ये दोरी लेव्हलमध्ये ताणून दोन्हीकडे दोरीपासून जमिनीपर्यंत मोजा; लांबच्या खुंटीशी माप 6 इंच जास्त यायला हवं. जमीन सपाट असेल तर 30 फूट भिंतीला 75 घनफूट भर लागते. धुमसल्यावर माती बसते, म्हणून साडेतीन घनयार्ड (सुमारे 95 घनफूट) मागवा. मुठीत दाबल्यावर गोळा टिकेल अशी चिकण माती घ्या. कंपोस्टवाली भुसभुशीत माती पाणी धरून ठेवते, ती फक्त वरच्या दोन इंचांत, गवतापुरती. 4-4 इंचांचे थर द्या आणि प्रत्येक थर नीट धुमसा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे माती सायडिंगला (घराच्या बाहेरच्या भिंतीवरच्या आवरणाला) टेकवणं. आतलं लाकूड कुजतं, वाळवीला आयती वाट मिळते. सायडिंगखाली 6 इंच काँक्रीट उघडं दिसलंच पाहिजे. तेवढी जागा नसेल तर भर घालू नका, लांबची जमीन खणून उतार काढा. खणण्याआधी 811 या अमेरिकेतल्या सेवेला फोन करून जमिनीखालच्या गॅस-विजेच्या लाइनवर खुणा करून घ्या.

आणि छपराच्या गटरचा (पन्हळीचा) पाइप भिंतीपासून निदान 6 फूट लांब न्या. छपराचं पाणी कोपऱ्यातच पडत राहिलं तर नवी माती पहिल्याच मोठ्या पावसात वाहून जाईल.