अनुभव धागा: जुन्या नोंदी उतरवून देणारी मंडळी

मोडीचा वर्ग केलेले, कुलवृत्तांताला हातभार लावणारे, परदेशी खानेसुमारीची पानं घरबसल्या टंकणारे असे आपल्यात बरेच निघतील. पैसा मिळत नाही, डोळे शिणतात, घरचे हसतात. तरी करता, तर कसं करता आणि हाती काय लागतं ते लिहा. पूर्वजांच्या आठवणीने गहिवर नको, कामाचं सांगा.

ठाणे
बँकेतून निवृत्त झालो आणि मोडी शिकलो. 2023 साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आला. तोवर सोसायटीत मला 'किडे वाचणारे काका' म्हणत!

आमचा गट जन्ममृत्यूच्या जुन्या रजिस्टरांची स्कॅन केलेली पानं वाचतो. कारकून आधी पानभर आडवी रेघ मारायचा आणि तिला अक्षरं लटकवत जायचा. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घ एकच. त्यात बिन (अमक्याचा मुलगा), कोम, मौजे (गाव) यांची एकेका अक्षराची रूपं. 'सगुणा कोम बाळाजी' म्हणजे बाळाजीची बायको, एवढं नवख्याला कळायलाही आठवडा जातो. एक पान दोघांनी वेगवेगळं वाचायचं, तिसऱ्याने ताडून पाहायचं. अडलेलं अक्षर चौकटी कंसात. 'इथे रामजीच असणार, आमच्या गावात रामजीच होते' म्हणणाऱ्याला आम्ही चहा पाजतो, पान देत नाही.

सातारा
मी गणिताची शिक्षिका, त्यामुळे गटात तारखा माझ्याकडे येतात. पेशवाईतल्या कागदावर 'सलास सबैन मया व अलफ' दिसलं की मजा येते. हे अरबी आकडे, तीन, सत्तर, शंभर, हजार: शुहूर सन, म्हणजे तेव्हाच्या कागदांवरचं वर्ष, 1173. त्यात 599 मिळवा, इसवी सन 1772. पण हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून जानेवारी ते मृगापर्यंतच्या कागदाला 600 मिळवायचे. चांद्रमहिने मुसलमानी, तारखेच्या आधी 'छ' ही चंद्राची खूण. हे ज्याला जमत नाही तो बापाला मुलाच्या नंतर जन्माला घालतो. अशा वंशावळी छापून, लॅमिनेट करून दिवाणखान्यात लावलेल्या मी पाहिल्या आहेत.

नाशिक
तीर्थपुरोहितांच्या नामावळी. एका उपाध्यायांनी घरात बसून काम करायची परवानगी दिली, वही घराबाहेर न्यायची नाही या अटीवर. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की ते बरोबर ती वही काढतात. मी गाववार सूची करतो, बाकी काही नाही. एकाच घराण्याच्या पानावर आधी बोरूची मोडी, खाली टाकाची बाळबोध, त्याखाली बॉलपेन, आणि बॉलपेनवाल्याने पत्ता दिलाय डोंबिवलीचा. हयात माणसांची नावं सूचीत घेत नाही. उपाध्यायांनी ते बजावलंय, आणि मलाही पटतं.

सांगली
नाशिककर, तुमच्या वह्यांत बायकांची नावं असतात का? आमच्या कुलवृत्तांताच्या जुन्या आवृत्तीत मुलगे नावानिशी, शिक्षणानिशी, आणि पुढे नुसतं 'कन्या 3'. नव्या आवृत्तीसाठी मी त्या तीन कोण हे शोधते. शाळेचे दाखले, जुन्या लग्नपत्रिका, माहेरी आलेली पोस्टकार्डं. एक ज्येष्ठ काका म्हणाले, 'मुली सासरच्या पुस्तकात येतातच की!' सासरच्या पुस्तकात त्या लग्नानंतरच्या नावाने येतात आणि वडिलांचं गाव चुकलेलं असतं, काका.

नाशिक
असतात. श्राद्धाला आई, आजी, पणजीचं नाव लागतं, म्हणून यजमान सांगतात आणि लिहिलं जातं. गाव कळवा, बघतो.

पुणे
माझं काम इंग्रजी नोंदींचं. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कुटुंबांचा शोध घेणारी 'फिबिस' ही संस्था आहे, तिथे स्वयंसेवक बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदी टंकतात. मुंबई इलाख्याच्या चर्च-नोंदींची मालिका ब्रिटिश लायब्ररीत 'एन/3' क्रमांकाखाली आहे. तिकडच्या लोकांना लफ्फेदार अक्षर चटकन लागतं, पण गावाच्या नावाशी गाडी अडते. 'किर्की' म्हणजे खडकी आणि 'सिरूर' म्हणजे शिरूर हे आपल्याला क्षणात कळतं, त्यांना नकाशा घेऊन बसावं लागतं. पटकीच्या साथीचं पान आलं की मात्र वेगाने टंकवत नाही. एकाच घरातली मुलं ओळीने येतात, वयं महिन्यांत लिहिलेली.

न्यू जर्सी
अमेरिकेत खानेसुमारी 72 वर्षांनी खुली होते. 1940 ची 2012 मध्ये उघडली तेव्हा मीही पानं घेतली होती. 13 कोटींहून जास्त नावं, आणि स्वयंसेवकांनी काही महिन्यांत सूची उरकली. 1950 ची 2022 मध्ये आली ती यंत्राने आधीच वाचलेली, आम्ही फक्त तपासायचं. काम झटपट होतं, पण मजा निम्मी. यंत्र आडनाव इतक्या आत्मविश्वासाने चुकतं की तपासणाऱ्याला झोप लागते आणि चूक तशीच पुढे जाते. ठाणेकरांची दोघांनी वेगवेगळं वाचायची पद्धत मला बरी वाटते.

कोल्हापूर
वाचणाऱ्यांनी बरंच लिहिलंय, मी फोटो काढणारा. कागद पाठपोट घ्या, पाठीवर बरेचदा पत्ता नाहीतर शेरा असतो. फ्लॅश नको, खिडकीचा उजेड पुरतो. घड्या उलगडताना जोर नको. आणि दफ्तराचा रुमाल (कागद बांधलेलं कापड) सोडला की त्यातला क्रम तसाच ठेवा, 'तारखेप्रमाणे लावतो' हा उत्साह आवरा.

सांगली
नाशिककर, गाव व्यक्तिगत निरोपात कळवलंय. आडनाव मात्र दोन प्रकारे लिहायचे, दोन्ही बघाल का?